जेऊरचे ग्रहण आणि हौशी छायाचित्रकार

सोलापूरहून पुण्याकडे निघालेली गाडी कुर्डुवाडी आणि केम मागे टाकून करमाळे तालुक्याच्या हद्दीत पुढे सरकली, म्हणजे जेऊर नावाचे एक स्टेशन लागते. या स्टेशनाच्या आसपासच्या माळावर २२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी सुमारे दोन मिनिटे भरदिवसा काळोख पडला होता, आणि त्या दोन मिनिटांसाठी कॅलिफोर्नियातील, जपानमधील व आपल्या पुण्यातील ज्योतिर्विद आपापला सरंजाम घेऊन तेथे मुक्कामाला आले होते. आकाशाचे छायाचित्र घेण्याचा छंद ज्यांना आज जडला आहे, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल, की या विद्येतील कित्येक मूलभूत अडचणींशी सोलापूर जिल्ह्याच्या भूमीवर सव्वाशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष झुंज घेतली गेली. ती हकीकत नीट सांगितली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणकिनाऱ्यावर विजयदुर्गापाशी भूमीवर चढून, देश ओलांडून, वऱ्हाड-नागपुरावरून मध्य हिंदुस्थानातील शहडोलकडे व पुढे बक्सरकडे गेला. खुद्द सोलापूर शहर या पट्ट्याच्या बाहेर राहिले. परंतु जेऊर त्याच्या मध्यरेषेच्या जवळ होते. शिवाय मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापुरास आणि १८७१ मध्ये रायचुरास पोहोचलेला असल्यामुळे नाजूक भिंगांच्या जड पेट्या बंदरापासून थेट माळापर्यंत आणणे शक्य होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या अवर्षणप्रवण मुलखाला पाऊस जो शाप देतो, तोच ज्योतिर्विदाला वर ठरतो. जानेवारीत येथे आभाळ बहुधा स्वच्छ असते. काळ मात्र कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने जिल्हा खंगलेला होता आणि मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान मांडले होते. अशा दिवसांत परदेशी पाहुण्यांचे तंबू, यंत्रे आणि त्यांभोवतीचा सरकारी बंदोबस्त पाहून गावकऱ्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच करावी लागते.

आता या छायाचित्रणातील मूळ अडचण कोणती, ते पाहू. खग्रास अवस्थेत चंद्रबिंबाभोवती जो मोतिया प्रकाश दिसतो, तो सूर्याचा प्रभाकिरीट. बिंबालगतचे त्याचे तेज पौर्णिमेच्या चंद्राच्या तोडीचे असते, आणि बाहेरच्या किरणांकडे जाता जाता ते हजारो पटींनी मंदावते. आतील भाग साधेल इतका अल्प काळ छायाचित्राची काच उघडी ठेवली तर बाहेरचे किरण उमटत नाहीत. बाहेरचे साधावे तर आतील सारा तपशील पांढऱ्या डागात बुडून जातो. त्यातच वेळ दोन मिनिटांचा, आणि चूक सुधारण्याची संधी नाही. पूर्वीच्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप देणे, ती प्रकाशात धरणे आणि लागलीच धुणे, हे सर्व लेप वाळण्यापूर्वी उरकावे लागे, आणि दख्खनच्या हवेत तो वाळण्यास विलंब लागत नसे. १८६८ मध्ये खग्रास ग्रहण आपल्याच शेजारच्या विजापूर-जमखंडीवरून गेले, तेव्हा छायाचित्रणाची हीच अवस्था होती. १८७० नंतर जिलेटिनच्या कोरड्या काचा प्रचारात आल्या, आणि काच आगाऊ तयार ठेवून मग सवडीने धुण्याची सोय झाली. जेऊरचा सारा खटाटोप या कोरड्या काचेच्या भरवशावर उभा होता.

कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल आपल्या पत्नी एलिझाबेथ यांच्यासह येथे आले, आणि त्यांनी आपल्याबरोबर चाळीस फुटी कॅमेरा आणला. हे यंत्र मुळात त्याच वेधशाळेचे शेबर्ले यांनी १८९३ च्या ग्रहणासाठी चिली देशात वापरले होते. त्याचे भिंग अवघे पाच इंचांचे, परंतु नाभीय अंतर चाळीस फूट. त्यामुळे काचेवर पडणारे सूर्यबिंब साडेचार इंच व्यासाचे होई. चिलीत डोंगराचा उतार नळीला आधार देण्यास उपयोगी पडला. जेऊरच्या सपाट माळावर मनोराच उभारावा लागला. वाऱ्याने नळी हलली तरी भिंग हलू नये, यासाठी भिंगाचा आधार आणि नळीचा आधार एकमेकांपासून अलग ठेवण्यात आले. एवढी अजस्र नळी सूर्यामागे फिरविणे अशक्य. आणि दोन मिनिटांत तर सूर्य आकाशात जवळजवळ स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. म्हणून भिंग अचल ठेवून, खाली अंधाऱ्या जागेत काचच घड्याळयंत्राने सूर्याच्या गतीने सरकविण्याची योजना होती. आज शे-दोनशे मिलिमीटरची लेन्स विजेवर फिरणाऱ्या आधारावर बसवून आकाशगंगेचे छायाचित्र घेणारा तरुण हेच करीत असतो. फरक इतकाच, की त्याचे यंत्र पिशवीत मावते आणि कॅम्बेल यांच्यासाठी गाडाभर लाकूड, कापड व दोरखंड लागले. काचा बदलणे, झाकण उघडणे-मिटणे, सेकंद मोठ्याने मोजणे ही कामे स्वयंसेवकांकडे सोपविलेली होती, आणि त्यांची तालीम पुनःपुन्हा घेणे हे ग्रहणाच्या तयारीचे एक अपरिहार्य अंग होते. ही तालीमच या छंदाचा खरा प्राण आहे, असे माझे मत आहे.

कॅलिफोर्नियाहूनच आलेले दुसरे गृहस्थ चार्ल्स बर्कहाल्टर हे ओकलंड शहरातील शॅबट वेधशाळेचे प्रमुख. मला या सर्व मंडळीत त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो, कारण प्रभाकिरीटाच्या विषम तेजाचा प्रश्न त्यांनी निव्वळ कारागिरीने सोडवू पाहिला. काचेच्या अगदी समोर विशिष्ट आकाराची एक तबकडी ते फिरती ठेवीत, जेणेकरून एकाच छायाचित्रात बिंबालगतच्या भागाला प्रकाश थोडा वेळ मिळावा आणि बाहेरच्या किरणांना अधिक. १८९६ मध्ये जपानात ढगांनी त्यांचा विरस केला होता. जेऊरला आभाळ निरभ्र राहिले आणि युक्ती फळास आली. आजचा हौशी छायाचित्रकार निरनिराळ्या कालावधीची अनेक छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांचा मेळ घालतो, तेव्हा तो बर्कहाल्टर यांच्याच मार्गाने जात असतो.

परंतु आपल्या दृष्टीने जेऊरच्या माळावरील सर्वांत महत्त्वाचा तळ पुण्याचा होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून १८८८ मध्ये वेधशाळा स्थापन केली होती. तेथील वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी मानली जाई. जेऊरला त्यांचा मुख्य भर होता तो सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेण्यावर. खग्रास अवस्थेच्या आरंभी नि अखेरीस, क्षणभरच, सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा एकदम उजळतात. तो क्षण काचेवर पकडणे हे प्रभाकिरीटापेक्षाही दुर्घट काम. या कामाचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. १९१२ च्या सुमारास ते निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद करण्यात आली आणि ती दुर्बीण कोडाईकॅनलला रवाना झाली. एका माणसाच्या सेवानिवृत्तीबरोबर एक संस्था मिटावी, ही गोष्ट मला आजही सलते. त्यांची गादी चालविणारा शिष्यवर्ग महाराष्ट्रात निर्माण झाला असता, तर निरीक्षणात्मक ज्योतिषाचा आपला इतिहास निराळा झाला असता.

त्याच दुपारी वऱ्हाडात, धामणगावजवळच्या तळणी येथे, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी ज्योतिर्विदांच्या संघाची तुकडी तळ देऊन होती. तीत ॲनी माँडर या बाई होत्या. ग्रीनिच वेधशाळेतील नोकरी विवाहामुळे त्यांना सोडावी लागली होती, आणि लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत १९१६ पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाने त्यांनी प्रभाकिरीटाचा जो दीर्घ किरण टिपला, तेवढ्या लांबीचा किरण तोपर्यंत कोणाच्याही छायाचित्रात उमटला नव्हता. एकीकडे चाळीस फुटी नळी, दुसरीकडे हातात मावणारे भिंग. आणि बाहेरच्या मंद किरणांच्या बाबतीत लहान भिंगच सरस ठरले, कारण पसरट व अंधूक प्रकाशासाठी नाभीय अंतर आखूड असलेले वेगवान भिंगच कामास येते.

महाराष्ट्राला मात्र या ग्रहणाचे आठवते ते केवळ विजयदुर्ग. तेथे इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांनी आरमाराच्या खलाशांच्या मदतीने वेध घेतले, आणि किल्ल्यावरील 'साहेबाचे कट्टे' लोक अजून दाखवितात. हेलियमचा शोध त्यांना तेथेच लागला, असेही मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. परंतु १८६८ मध्ये, ज्या वर्षी हेलियमची पिवळी रेषा प्रथम पाहण्यात आली, त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गाचे माहात्म्य कमी करण्याचा हेतू नाही. जेऊरच्या वाट्याला त्यातला थोडा अंशही येऊ नये, याचे वाईट वाटते.

पुढे २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी निरीक्षकांना हक्काचे घर मिळाले. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण रायचुरावरून, म्हणजे जेऊर ज्या लोहमार्गावर आहे त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकावरून गेले. तेव्हा गावोगावचे लोक दारे लावून घरात बसले. ग्रहणाने नसली, तरी सोलापूरच्या छायाचित्रकारांची चिकाटी दुसऱ्या एका दुर्मिळ विषयाने जोखली आहे. नान्नजच्या माळावर, १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या प्रदेशात, माळढोक पक्षी टिपण्यासाठी गवतात तासन्‌तास निश्चल बसावे लागते, आणि आता तो दिसणेच दुर्लभ झाले आहे. अशा माणसांना आकाशाचा छंद जड जाऊ नये.

भारतातून दिसणारे पुढचे खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाखच्या बाजूस होईल. सोलापूर जिल्ह्यातील ज्या तरुणांना तेथे कॅमेरा घेऊन जाण्याची उमेद असेल, त्यांनी तालमीसाठी आधी एकदा जेऊरच्या माळावर जावे, आणि नायगमवालांचा अहवाल मिळवून वाचावा.