डेमोच्या गाण्याची वंशावळ

१९१६ सालच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड नावाची ऑपेरा गायिका एका फोनोग्राफशेजारी उभी राहिली. यंत्र थॉमस एडिसनच्या कंपनीचं, तबकडीवर आवाज तिचाच. तबकडी सुरू झाली, तीही सोबत गाऊ लागली. मधेच तिने ओठ मिटले तरी गाणं थांबलं नाही. पुन्हा गायली, पुन्हा थांबली. बाई कधी गातेय आणि यंत्र कधी, हे श्रोत्यांनी ओळखायचं. ‘टोन टेस्ट’ नावाचा हा खेळ एडिसन कंपनीने १९१५ पासून पुढे कित्येक वर्षं अमेरिकेत गावोगाव केला. पुष्कळ ठिकाणी मधेच दिवे मालवायचे. अंधारात गाणं चालू असायचं आणि दिवे लागावेत तर व्यासपीठावर बाई नाहीच, एकटं लाकडी कपाट गातंय! फरक कळला नाही, असं वर्तमानपत्रं छापायची आणि गावातल्या दुकानदाराचं काम सोपं व्हायचं.

नवीन साउंड सिस्टम घरी आली की पाहुण्यांना सोफ्यावर नेमक्या जागी बसवून ‘हे ऐका’ म्हणत ठरलेलं गाणं लावायचं, ही जी खोड आहे तिचा मूळपुरुष मला या टोन टेस्टमध्ये दिसतो. प्रश्न असा की लोक फसले कसे? तेव्हाचं ध्वनिमुद्रण कर्ण्यात तोंड घालून व्हायचं. मायक्रोफोन नाही, वीज नाही. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई मेणात चर कोरायची. खर्ज त्यात जवळजवळ उतरायचाच नाही, वरची झिलईही कापली जायची. पण या कार्यक्रमांतली दुसरी नामवंत गायिका ॲना केस हिने म्हातारपणी सांगून टाकलं की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळेल असाच लावत असे. म्हणजे यंत्राने माणसाची नक्कल करण्याऐवजी माणूसच यंत्राची नक्कल करत होता.

आणि निवड तर त्याहून बेरकी. एकटा गळा, फार तर व्हायोलिन किंवा बासरी. कर्ण्याला झेपेल तेवढंच. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ‘एखादं गाणं म्हण’ म्हटल्यावर मुलगी घोटून बसवलेलं तेच म्हणायची, तसा हा मामला. पुढच्या शंभर वर्षांतली डेमोची गाणी एकापुढे एक मांडली तर लोकांची आवड कशी बदलली हे त्यातून फारसं कळत नाही. यंत्राला नुकतंच काय जमू लागलं होतं आणि काय झाकून ठेवायचं होतं, हे मात्र लख्ख कळतं.

१९२५ साली ध्वनिमुद्रणात वीज आली, मायक्रोफोन आला, आणि एकट्या गळ्याचा मान एका फटक्यात गेला. आता गर्दी हवी! ३१ मार्च १९२५ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये अनेक गायकमंडळांचा एकत्र कार्यक्रम झाला, तो कोलंबिया कंपनीने विजेवर मुद्रित केला. एका गाण्यात प्रेक्षकही सामील झाले आणि रेकॉर्ड ४,८५० आवाजांची म्हणून विकली गेली. कर्ण्यासमोर चाळीस माणसं उभी करतानाही जिथे मारामार होती, तिथे हा आकडा हीच जाहिरात होती. गाणं नाताळचं, घरोघर पाठ असलेलं. कोणी ते गाण्यासाठी विकत घेतलं असेल असं वाटत नाही.

पुढची उडी युद्धाने मारली. जर्मन आणि ब्रिटिश पाणबुड्यांच्या आवाजातला बारीक फरक वैमानिकांना शिकवायला सरावाच्या रेकॉर्ड हव्या होत्या. लंडनच्या डेक्का कंपनीत आर्थर हॅडी यांनी त्यासाठी वरच्या पट्टीतले सूक्ष्म स्वर पकडणारी यंत्रणा बसवली. युद्ध संपल्यावर तीच यंत्रणा संगीताकडे वळली, आणि १९४६ साली अर्नेस्ट आन्सरमे यांनी मुद्रित केलेलं स्ट्राव्हिन्स्कीचं ‘पेत्रुश्का’ इंग्लंडातल्या शौकिनांचं दाखवायचं गाणं झालं. झांजा, त्रिकोणी घंटी, पिकोलो असं सगळं त्यात ठासून भरलंय.

अमेरिकेत तोवर वेगळीच जमात तयार झाली होती. सैन्यात रेडिओ आणि रडारचं काम शिकून आलेले तरुण घरी ॲम्प्लिफायर जोडू लागले होते. हातात डाग देण्याची सोल्डरिंग गन, तळघरात भलामोठा स्पीकर. यांना संगीत हवं होतं का, याची मला शंका आहे. यांना पुरावा हवा होता. तो एमरी कुक या इंजिनिअरने दिला. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या इंजिनांचे आवाज रात्रीबेरात्री रुळांशेजारी बसून त्याने टिपले आणि ‘रेल डायनॅमिक्स’ नावाची रेकॉर्ड काढली. १९५१ च्या न्यूयॉर्कच्या ऑडिओ फेअरमध्ये ती ऐकायला लोकांची झुंबड उडाली. सूर नाही, ताल असलाच तर रुळांच्या सांध्यांचा. दिवाणखान्यातून आगगाडी गेली पाहिजे, खिडक्यांची तावदानं थरथरली पाहिजेत, एवढीच मागणी. फ्लँडर्स आणि स्वान या इंग्लिश विनोदवीरांनी पुढे या जमातीवर एक गाणंच रचलं. त्या गाण्याचीही तबकडी निघाली, आणि ती हाय-फायवर वाजली असणारच.

रेल्वेनंतर तोफ. मर्क्युरी कंपनीने चायकोव्हस्कीचं ‘१८१२ ओव्हर्चर’ अंताल दोराती यांच्या मिनियापोलिस वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं, आणि तोफ मात्र वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतली, खरी, अठराव्या शतकातली. तोफेचा बार वेगळा मुद्रित करून संगीतात मिसळला. गंमत पुढे आहे. हे सगळं कसं केलं, मायक्रोफोन कुठे ठेवला, बार किती वेळा उडवला, याचं निवेदन डीम्स टेलर या समीक्षकाच्या आवाजात त्याच रेकॉर्डवर घातलं. संगीताइतकीच त्याच्या कारागिरीची गोष्ट विकायची, ही कल्पना इथून रुजली. आज कुठलाही ऑडिओवाला ‘हे एकाच टेकमध्ये, ट्यूबच्या मायक्रोफोनवर घेतलंय बरं का’ म्हणून सुरुवात करतो, तो टेलरसाहेबांचाच वारस. १९७८ साली टेलार्क कंपनीने तेच ‘१८१२’ डिजिटल पद्धतीने मुद्रित केलं. त्यात तोफेच्या जागी चर इतका नागमोडी होता की नुसत्या डोळ्यांना दिसायचा, आणि साध्या टर्नटेबलची सुई तिथे हमखास उडी मारायची. रेकॉर्डवर इशारा छापलेला. इशाऱ्यामुळे खप वाढला असणार. सुई न उडणं ही आता प्रतिष्ठेची बाब होती.

मधल्या काळात स्टिरिओ आला होता. सिडनी फ्रे या गृहस्थाच्या ऑडिओ फिडेलिटी कंपनीने १९५७ च्या अखेरीस पहिली स्टिरिओ तबकडी लोकांपुढे आणली. एका बाजूला डिक्सिलँड जॅझ, दुसऱ्या बाजूला पुन्हा आगगाडी! आता ती डावीकडून उजवीकडे जायची, एवढाच फरक. दोन वर्षांत एनॉक लाइट या बँडवाल्याने त्याचा कळस केला. ‘पर्स्युएसिव्ह पर्कशन’ या त्याच्या रेकॉर्डमध्ये बाँगो डाव्या स्पीकरमधून विचारतो, उजव्यातून उत्तर येतं, मग पुन्हा डावीकडे. टेबल टेनिसच्या चेंडूसारखं, म्हणून या प्रकाराला पिंग-पाँग स्टिरिओ हेच नाव पडलं. आवरणावरचं चित्र योझेफ आल्बर्स यांचं, आत कुठे काय ऐकायचं याची लांबलचक टिपणं, आणि १९६० साली ही रेकॉर्ड आठवड्यामागून आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिली. मी ती अलीकडे पुरी ऐकली. संगीत म्हणून पातळ आहे. दोन स्पीकर आहेत, एवढं एकच तिला सांगायचंय आणि ते ती संपेपर्यंत सांगते.

डेमोचं सामान खऱ्या गाण्यात शिरून अमर झालं, असं मात्र एकदा नक्की घडलं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या ॲलन पार्सन्स या तरुण इंजिनिअरने चार स्पीकरच्या क्वाड्राफोनिक पद्धतीचं प्रात्यक्षिक म्हणून एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाची टिकटिक आणि टोले वेगवेगळे टिपून ठेवले होते. पिंक फ्लॉइड तेव्हा तिथेच ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर काम करत होते. त्यांच्या ‘टाइम’ गाण्याच्या सुरुवातीला ती घड्याळं बसली. १९७३ पासून आजतागायत ऑडिओच्या दुकानात ती वाजतायत. क्वाड्राफोनिक पद्धत मात्र काही वर्षांत बुडाली.

आपल्याकडे ही वंशावळ जरा वाकडी येते. सत्तरच्या दशकात घरी रेडिओ, फार तर रेडिओग्राम, तोही बहुधा मोनो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’सारखी रेकॉर्ड स्टिरिओवर ऐकलेलं घर म्हणजे आळीतलं नाव घेण्याजोगं घर. त्यामुळे मराठी माणसाला स्टिरिओचा पहिला डेमो पुष्कळदा घरात मिळालाच नाही, तो थिएटरात मिळाला. १५ ऑगस्ट १९७५ ला मुंबईच्या मिनर्व्हाला ‘शोले’ लागला, सत्तर एमएम आणि स्टिरिओफोनिक. नाणं उडवल्यावर ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक वाकून बघायचे, ही आठवण त्या पिढीतल्या कोणालाही विचारा. घरी दाखवायला मग राहुल देव बर्मन होतेच. ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया’च्या आरंभीचा काचेचा किणकिणाट हा आपला पेत्रुश्का. गल्फमधून आलेल्या टू-इन-वनवर तो वाजवताना रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असे.

सीडी आल्यावर प्रात्यक्षिकाचा विषय पुन्हा बदलला. रेकॉर्डची खरखर गेली, तेव्हा आता शांतता दाखवायची. डायर स्ट्रेट्सचं १९८५ चं ‘ब्रदर्स इन आर्म्स’ त्यासाठी जगभर वाजलं. पण लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, आपल्या दुकानदारांनी मुकुट घातला तो ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ला, मूळ १९७६ च्या नव्हे, तर १९९४ च्या मैफिलीतल्या मुद्रणाला. त्याची सुरुवात नीट ऐका. आधी नायलॉनच्या तारांची गिटार, एकेक तार सुटी. मागे कमालीची शांतता. मग हाताने वाजणारा तालवाद्याचा ठेका आणि खाली मोठ्या ड्रमचा खोल, गोल ठोका. चाल बदललेली असल्याने प्रेक्षकांना गाणं उशिरा उमगतं, आणि मग टाळ्या, शिट्ट्या चहूकडून. गायन सुरू व्हायच्या आत वरची पट्टी, खालची पट्टी, रुंदी, खोली असं सगळं दाखवून होतं. दुकानदार तिथेच गाणं थांबवतो. पुढे तसं दाखवण्यासारखं काही नसतं.

गाण्याच्या या निवडीतली मेख दोन निराळ्या खोल्यांत उघडी पडली. जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आवाजाची फाइल दाबून लहान करणारं एमपीथ्रीचं तंत्र घडवत होते आणि ते जमत आलंय असं त्यांना वाटत होतं. एका हाय-फाय मासिकात त्यांनी वाचलं की स्पीकर तपासायला सुझन व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ वापरतात. वाद्य एकही नाही, नुसता बाईचा आवाज. त्यांनी तेच आपल्या यंत्रणेतून काढलं, तर आवाजाचा पार चोथा झाला. मग ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकत त्यांनी तंत्र सुधारलं. अमेरिकेत हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी नव्वदच्या दशकात याच्या उलट शोध लावला. स्पीकरमधले दोष कानाला कुठल्या गाण्यात चटकन कळतात, हे त्यांनी श्रोते बसवून मोजलं. पिंक नॉइजचा सलग खस्स आवाज आणि ट्रेसी चॅपमनचं ‘फास्ट कार’ यांत दोष लगेच सापडत. एकटं वाद्य किंवा नुसतं बोलणं यांत मात्र ते दडून राहत.

दोन्ही खरं आहे. दाबून लहान केलेल्या फाइलचा दोष भरगच्च संगीताच्या आड लपतो, म्हणून तो उघड्या गळ्यात दिसतो. स्पीकरचा दोष एखाद्या ठरावीक पट्टीत असतो. त्या पट्टीत गाण्याचा सूरच गेला नाही तर तो कळणार कसा? दुकानात गिटार आणि गोड आवाजाची बाई का वाजते, याचं उत्तर एवढंच आहे. एडिसनच्या माणसांना हे गणित बिनमोजताच ठाऊक होतं.

तेव्हा स्पीकर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराचं गाणं त्याच्याकडेच राहू द्या. आपलं न्या, आणि दोन न्या. एक गच्च भरलेलं. ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ चालेल. त्या चित्रपटासाठी सिंफनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित झाला होता, आणि तंतुवाद्यांच्या त्या थरांत स्वस्त स्पीकर गोंधळतो. दुसरं एखादं वारकरी भजन, फक्त टाळ, पखवाज आणि गळा. टाळ आणि कणीक लावलेला पखवाज हे आवाज आपण माइकशिवाय, देवळात, हाताच्या अंतरावरून ऐकलेले असतात. ते खोटे वाजले की कुणी सांगावं लागत नाही. दोन स्पीकरची तुलना करताना आवाज दोन्हींचा सारखाच ठेवायला सांगा, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. आणि गाणं मधे थांबवू देऊ नका.