फळ्यावरचा उपाय आणि जोतिरावांचा शिक्षक

आपल्या वस्तीतली पुष्कळ मुलंमुली आज शिक्षकाचा कोर्स करतात. पाठाच्या वहीत ‘सामाजिक समस्या’ हा घटक आला की हुंडा, व्यसन, अस्पृश्यता यांची कारणं एका बाजूला नि उपाय दुसऱ्या बाजूला, असं फळ्यावर लिहिलं जातं. तास संपतो, फळा पुसला जातो. समस्या मात्र तिथंच राहते!

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं त्या महात्मा जोतिराव फुले यांनी याचा विचार फार पूर्वी केला होता. १८४८ साली त्यांनी पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. शिकवायला सावित्रीबाई उभ्या राहिल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिथं समस्या मास्तरांनी सांगितली नाही. जिने ती भोगली तिनेच मांडली. शिक्षकाने काय केलं? तिच्या हाती लेखणी दिली.

१८८२ साली जोतिरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेतले बहुतेक मास्तर ब्राह्मण, त्यातही प्रशिक्षण घेतलेले थोडे, ही तक्रार त्यांनी स्पष्ट नोंदवली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असं त्यांचं म्हणणं होतं. वेळ पडली तर नांगर धरायला त्या शिक्षकाला लाज वाटू नये! आणि परीक्षा पास झालेल्या शिक्षकाला निदान १२ रुपये पगार असावा, हेही ते विसरले नाहीत. पोट रिकामं ठेवून सेवा करा, असा कोरडा उपदेश त्यांनी केला नाही.

सावित्रीबाई तर शाळेपुरत्या थांबल्याच नाहीत. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्यांचं निधन झालं.

म्हणून आपल्या भावी शिक्षक-शिक्षिकांना एवढंच सांगणं आहे. ‘व्यसन’ हा पाठ घेण्याआधी शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या घरी एकदा जाऊन या. त्याच्या आईशी बोला. उपायाचा रकाना मग वर्गातली मुलंच भरतील. जयभीम!