खांद्यावरचा कॅमेरा

छायाचित्रकलेच्या इतिहासात भिंगाची आणि फिल्मची चर्चा भरपूर होते. ते सारे वाहून नेणाऱ्या पिशवीची मात्र क्वचितच. वास्तविक मराठवाड्यात कशाचे छायाचित्र निघाले आणि कशाचे राहून गेले, याचे उत्तर काही अंशी तरी या ओझ्यात शोधावे लागेल.

रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याला आला, तो भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याची लेण्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने आली. तो काळ ओल्या काचेचा. काचेवर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच प्रकाश द्यायचा आणि वाळण्यापूर्वीच प्रतिमा उमटवून घ्यायची. म्हणजे काळोखी राहुटी, काचा, बाटल्या, पाणी असा सगळा लवाजमा थेट स्थळापर्यंत न्यावा लागे. तिथे एकट्याच्या खांद्याचे काम नव्हते. गाडी, जनावरे आणि हमाल लागत. त्या हमालांची नावे आपल्याला कोणी सांगितलेली नाहीत.

कोरड्या काचा आल्यावर ओझे हलके झाले. निजामाच्या दरबाराचा छायाचित्रकार लाला दीनदयाळ हा या संक्रमणाचाच माणूस. नांदेड आणि लातूरही त्याच निजामी मुलखात; परंतु अजिंठा-वेरूळच्या वाट्याला आलेला प्रकाश होट्टलच्या मंदिरांवर किंवा खरोशाच्या लेण्यांवर तितका पडला नाही.

१८८८ चा कोडॅक आणि १९२५ चा लायका यांनी कॅमेरा एका माणसाच्या अंगावर आणला. खरी पिशवी तिथून सुरू होते. गंमत अशी, की इंग्लंडमधील बिलिंगहॅमच्या पिशव्या मूळच्या मासेमारीच्या. छायाचित्रकारांनी त्या परस्पर आपल्याशा केल्या. १९७० च्या दशकातच अमेरिकेत जिम डोम्के या वृत्तछायाचित्रकाराने स्वतःच्या गरजेतून कॅनव्हासची पिशवी घडवली. आपल्याकडे तेव्हा खांद्यावर शबनम होती! पुस्तकांना ती उत्तम. भिंगाला मात्र तिच्यात धक्क्यापासून काडीचेही संरक्षण नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. त्या दिवसांत पाऊसही होता. फिल्मचा जमाना, एका रोलमध्ये छत्तीस चित्रे, आणि भिजलेला रोल म्हणजे कायमची गमावलेली साक्ष. ढिगाऱ्यातून चालताना दोन्ही हात मोकळे हवेत आणि क्षणात कॅमेराही हाती यायला हवा. पाठीवरची पिशवी इथे कामाची नाही; ती उतरवायची तर कोरडी जमीन शोधावी लागते.

आज कंधारच्या किल्ल्यात शिलालेख टिपायला निघालेल्या अभ्यासकाची गरज याहून फार निराळी नाही. एक कॅमेरा, दोन भिंगे, वही, पाण्याची बाटली एवढेच मावेल अशी पिशवी घ्यावी. मोठी घेतली की आपण ती भरतोच. पट्टा रुंद आणि छातीवरून आडवा घेता येईल इतका लांब असावा. आत जाड अस्तराचे कप्पे, आणि झाकण वरून पूर्ण पडणारे, कारण उन्हाळ्यातली आपली धूळ साखळीच्या दातांतूनही आत शिरते. एसटीत ती वरच्या फळीवर न टाकता मांडीवर मावली पाहिजे. बाहेरून ती जितकी साधी दिसेल तितके बरे. गावात महागड्या पेटीसारखी पिशवी घेऊन गेले, की माणसे बोलण्याआधी सावरून बसतात. आणि पावसाळ्यात घरी आल्यावर कॅमेरा तिच्यातच ठेवू नये. ओलसर अस्तरात भिंगावर बुरशी धरते.