तेरेखोलपलीकडची पंतोजीगिरी

परदेशगमन म्हटले की आगबोट, काळे पाणी आणि परतल्यावरचे प्रायश्चित्त एवढेच चित्र आपल्या इतिहासलेखकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु दक्षिण कोकणच्या वाट्याला एक असाही परदेश आला होता, की ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे, ज्ञातीची अनुज्ञा मागावी लागत नसे, आणि जेथे पोहोचल्यावरही पानात तोच उकड्या तांदळाचा भात व तीच माशांची आमटी पडत असे. तो परदेश म्हणजे पोर्तुगीज अमलाखालचा गोवा. तेथे अनेक पिढ्या मराठी शिकवण्यास गेलेल्या पंतोजींची हकीकत कोणत्याही गॅझेटियरने स्वतंत्र प्रकरण देऊन नोंदविलेली नाही. ज्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना लिहायला शिकविले, त्यांनी स्वतःविषयी फारसे काही लिहून ठेवू नये, हा या पेशाचा जुनाच दोष आहे.

कर्ली नदीच्या काठी वसलेले वालावल हे या पट्ट्यातील गाव. लक्ष्मीनारायणाचे पुरातन देवालय, त्याला लागून विस्तीर्ण तळे, भोवती माडा-पोफळींची दाटी, असे तेथील रूप डोळ्यांना जितके संपन्न वाटते तितकी तेथील जमाबंदी संपन्न नव्हती. पावसाळी भाताचे एक पीक, थोडी बागायत, आणि प्रत्येक पिढीगणिक भावाभावांत चिरफळ्या होत जाणारे कुणगे, एवढ्यावर चार मुलगे पोसले जाणे शक्य नसे. या देवालयातील मूर्ती गोव्यातील हरमलहून परचक्राच्या भयाने इकडे आणली, अशी परंपरा सांगतात. ती खरी मानली तर देव ज्या वाटेने अलीकडे आला, त्याच वाटेने पुढे या मुलखातील माणसे पोटासाठी पलीकडे गेली. वालावल, नेरूर, पाट, परुळे या टापूतील साक्षर घरांपुढे दोन रस्ते असत: मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने मुंबई गाठावी, नाहीतर गाठोडे खांद्यावर टाकून दक्षिणेची वाट धरावी, आरोंद्याजवळ किरणपाणीला होडीत बसून तेरेखोलची खाडी ओलांडावी आणि पेडण्यात उतरावे.

हे पेडणे मुळात परके नव्हतेच. सावंतवाडीकरांच्या दौलतीचा तो भाग १७८८ साली पोर्तुगीजांच्या स्वाधीन झाला, आणि काल ज्या खाडीतून शेजारी शेजाऱ्याकडे जात होता तिच्या मध्यभागातून राज्याची शीव गेली. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे प्रांत सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेलेले. तेथे धर्मसत्तेचा जोर इतका की १६८४ साली देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज अंगीकारावी, असा हुकूम विजरईने सोडला होता. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे नव्या काबिजादीतील महाल मात्र सामील झाले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा त्या आवेशाची धार बोथटली होती आणि रयतेच्या धर्मात व चालीरीतींत हात न घालण्याची हमी देऊन मुलूख राखणे अधिक शहाणपणाचे ठरले होते. म्हणून देवळे तेथे शाबूत राहिली, आणि देवळे राहिली म्हणून त्यांच्या आवारातील उतारूंच्या अग्रशाळाही राहिल्या. कोकणातून गेलेल्या पंतोजीची शाळा बहुधा अशाच एखाद्या अग्रशाळेत, नाहीतर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घराच्या सोप्यावर भरे.

त्या शाळेचे दर्शन जवळून घेण्याजोगे आहे. सकाळी मुले ओळीने बसत. प्रत्येकापुढे लाकडी फळीवर बारीक धूळ पसरलेली धूळपाटी. पंतोजी एकाचे बोट धरून तीवर अक्षर गिरवून घेई, पुरते वळण बसले की पाटी हलवून धूळ सारखी करावयाची आणि पुन्हा तेच. हात सुधारला म्हणजे बोरू, शाई आणि कागद. आधी बालबोध, मग मोडी. सायंकाळी परवचा: तिथी, वार, नक्षत्रे, आणि त्यानंतर पाढे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, हा सारा घोष पोफळींच्या पलीकडे ऐकू जात असे. अपूर्णांकांच्या या पाठांतराला पुढे पुष्कळ हसण्यात आले. तथापि ज्या मुलाला उद्या मुंबईत एखाद्या पेढीवर व्याज, दलाली आणि वजनमापे तोंडी काढावयाची आहेत, त्याच्या दृष्टीने औटकीइतके व्यवहारी शिक्षण दुसरे कोणते होते?

मुशाहिरा अल्प आणि तोही बराचसा धान्यरूपाने. घरे पाळीपाळीने शिधा देत, नारळ देत. दसऱ्याच्या पाटीपूजनाला दक्षिणा मिळे. इंग्रजी मुलखात १८५५ नंतर शिक्षणखाते उभे राहिले आणि व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेल्यास सरकारी शाळेतील नोकरीचे दार उघडले. तेव्हा त्या परीक्षेत नापास झालेला किंवा नोकरीची वाट पाहून कंटाळलेला तरुणही गोव्याकडे वळे. हे काहीसे उणेपणाचे आहे खरे. पण सर्वच पंतोजी विद्येचे उपासक होते असे भासविण्यात अर्थ नाही.

सरहद्दीवर जकातीचा नाका असे. इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली झालेला तह १८८० पासून अमलात आला, आणि बारा वर्षे दोन्ही मुलखांमधील जकात उठली. त्याच्या मोबदल्यात गोव्यातील मिठावर इंग्रजी अंमलदारांचा पहारा बसला. तेवढ्या काळात आमच्या मास्तराला नाक्यावर गाठोडे सोडून दाखविण्याचा त्रास झाला नसावा. १८९२ साली तह संपला आणि नाकेही परत आले.

या शाळांना खरा बहर आला तो १९१० साली पोर्तुगालमध्ये राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर. हिंदूंना बरोबरीचे नागरिकत्व लाभले आणि गावोगाव वर्गणीतून मराठी शाळा निघू लागल्या. पणजीची मुष्टिफंड संस्था त्या आधी थोडी वर्षे उभी राहिली होती. घराघरांतून मूठमूठ तांदूळ जमवून शाळा चालवावयाची, हा तिच्या नावातच नोंदलेला निधी होय. शिक्षक मात्र गोव्यात पुरेसे नव्हते. सरकारी इस्कोलात पोर्तुगीज शिकवीत, आणि पणजीचे १८५४ पासूनचे लिसेव, म्हणजे माध्यमिक विद्यालय, ही पुढची पायरी. मराठी शिकविणारा हवा तर तो मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडूनच आणावा लागे. पुस्तकेही मुंबईचीच, त्यामुळे लिस्बनच्या रयतेतील मुलगा मुंबई इलाख्याचा भूगोल घोकत असे.

या खटाटोपाला भाषाप्रेम म्हणण्याची प्रथा आहे. भाषाप्रेम होते, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु मूठभर तांदूळ देणाऱ्या आईच्या मनात मुख्य विचार मुंबईचा होता असे मला वाटते. मुलाला पणजीच्या कचेरीत जागा मिळण्याचा संभव कमी. त्याचा चुलता गिरगावात, मामा एखाद्या पेढीवर. मराठी लिहितावाचता आले, वर थोडे इंग्रजी आले, की तो मार्गाला लागला. कोकणातील शाळाही याच चाकरीसाठी चालत. दोन्हीकडचा पालक एकाच शहराकडे डोळे लावून बसला होता, आणि पंतोजी हा त्या शहराच्या वाटेवरचा वाटाड्या होता.

राजकारणाने या वाटाड्याला पुढे संशयित केले. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांची सभा झाल्यानंतर मराठी शाळेकडे पाहण्याची सरकारची दृष्टी कडवट होत गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरहद्द जवळजवळ बंद झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा हा परदेश एका दिवसात स्वदेश झाला.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे शिक्षकांच्या दृष्टीने सुगीची. दयानंद बांदोडकरांच्या सरकारने १९६३ अखेरीपासून खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या, त्या बहुतांशी मराठी माध्यमाच्या, आणि प्रशिक्षित शिक्षक शेजारच्या राज्यांतून आले. आता शिधा नव्हता, वेतनश्रेणी होती. पण त्याबरोबर, प्रतिनियुक्तीवर आलेले हे परराज्यातील लोक महाराष्ट्रातील विलीनीकरणाचे हस्तक आहेत, असा आक्षेपही आला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते वेगळ्या गोव्याला आणि १,३८,१७० महाराष्ट्रात विलीन होण्याला पडली. मराठी शाळेत शिकलेल्यांनीही महाराष्ट्र नको म्हटले याचे अनेकांना नवल वाटले. शाळेकडून लोकांनी काय मागितले होते हे ध्यानात घेतले असते तर तितके वाटले नसते.

आज कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडीतील तरुण कारखान्यांत, हॉटेलांत, मोपाच्या विमानतळावर कामाला पेडण्यात उतरतात, आणि रुग्ण बांबोळीच्या रुग्णालयात जातात. नाक्यावर गाठोडे कोणी सोडीत नाही. गोव्याच्या सरकारी शाळेतील शिक्षकाच्या जागेसाठी मात्र पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचे ज्ञान लागते, त्यामुळे फिरंगी अमलात वालावलच्या बाजूच्या माणसाला जी नोकरी मिळू शकत होती, ती आता मिळत नाही.