मागलं दार कुठं उघडतं?

घर घेताना परसदाराला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न २००४ साली माझ्यापुढे रोकडा उभा राहिला. पुण्यात दोन घरे पाहून ठेवली होती. एक दुसऱ्या मजल्यावरचा नवा फ्लॅट. दुसरे शहराच्या कडेचे जुने बैठे घर; खोल्या अंधाऱ्या, पण मागे शेवग्याचे झाड आणि धुण्याचा दगड. अम्मीने दोन्ही पाहिली आणि फ्लॅटमध्ये उभी राहून एवढेच विचारले, ''याचं मागलं दार कुठं उघडतं?''

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी पुढे पुरुषांची बैठक आणि परसात बायकांचे राज्य असे. सरपण, कोंबड्या, कुरडयांचे वाळवण, सगळे तिथेच. न्हाणीचे पाणी अळूला आणि केळीला जाई. शेजारच्या काकू पुढच्या दाराने क्वचितच आल्या असतील. मूठभर डाळ मागायला येत त्या परसातूनच.

मात्र परसाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. जुन्या शहरांत टोपलीचे संडास मागच्या बाजूला असत आणि मैला वाहणारी माणसे मागच्या बोळातूनच येत. पुढचे दार त्यांच्यासाठी नव्हते. या प्रथेवर बंदी घालणारा देशाचा कायदा व्हायला १९९३ साल उजाडले आणि २०१३ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला. आमच्या आठवणीतला परस कुणाच्या तरी आठवणीत अपमानाची जागा आहे.

शहरात घरामागच्या मोकळ्या जागेची किंमत कळली ती प्लेगने. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात साथ सुरू झाली आणि ऊन-वारा न पोचणाऱ्या चाळी, त्यांमधल्या तुंबलेल्या गल्ल्या सरकारच्या डोळ्यांवर आल्या. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. खोलीत तिरपा उजेड यावा म्हणून ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम धरला. समोरची इमारत जितकी उंच, तितके अंतर जास्त. दादर-माटुंग्याच्या आखणीत इमारतींभोवती मोकळी जागा आली. खेड्यात जे सवयीने होते, ते शहरात नियमाने आणावे लागले.

पुढे घराचा हिशेब चौरस फुटांत होऊ लागला. १९६३ मध्ये महाराष्ट्रात ओनरशिप फ्लॅटचा कायदा झाला. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली. ग्राहकाची फसवणूक त्यामुळे कमी होते, हे खरेच. पण त्या व्याख्येत बाल्कनी आणि उघडी गच्चीही धरत नाहीत, तिथे परसाची काय कथा!

बैठ्या घराची कागदपत्रे अपुरी निघाली. बँक कर्ज देईना. मी फ्लॅट घेतला. अम्मीने गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी ठेवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

२०११ मध्ये ती गेली. दफनाआधी मय्यतीला आंघोळ घालतात. आमच्या बाथरूममध्ये चार बाया उभ्या राहतील एवढी जागा नव्हती. गावी हे परसात झाले असते. मी जिन्यात सुन्न उभा होतो. तेवढ्यात तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ''भाऊ, इमारतीच्या मागं जागा आहे ना.'' कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये नियमापुरती सोडलेली ती पट्टी. मुलांनी तिथल्या स्कूटर हलवल्या. शेजारच्या घरांतून चादरी आल्या, आडोसा झाला. पाणी तापवून आणले तेही शेजारणींनीच.

सात वर्षांत मी त्या जागेकडे एकदाही वळून पाहिले नव्हते.

आता कुणी घर पाहायला बरोबर नेले, तर मी खोल्या मोजत बसत नाही. आधी इमारतीला वळसा घालून मागे जातो. मोकळी जागा आहे का, ती सगळ्यांची आहे की कुणी पत्रे ठोकून आपली केली आहे, एवढे पाहतो. परस आता विकत मिळत नाही. शेजाऱ्यांबरोबर राखावा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)