न दाखवलेली भेट: बफी, एंजल आणि दोन चॅनलमधली भिंत

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. एक इशारा आधीच देते: आज दोन मालिकांचे शेवट फुटणार आहेत. पण दोन्ही संपून वीस वर्षं उलटलीत, त्यामुळे मला माफ करा.

तर झालं असं, की हॉस्टेलमध्ये असताना माझ्या रूममेटकडे एक हार्ड डिस्क होती. त्यात 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'चे सगळे सात सीझन. आम्ही रोज रात्री जेवण झालं की दोन एपिसोड बघायचो. सहाव्या सीझनमध्ये एक फोन येतो. बफी नुकतीच मरणातून परत आलीये, कोणाशी धड बोलत नाहीये. फोन एंजलचा असतो, तिच्या पहिल्या प्रेमाचा. ती म्हणते, मला जायला हवं, आणि निघते. आम्ही दोघी उशी घट्ट धरून पुढचा एपिसोड लावला. तर ती परत आलेली! भेट झाली, पण त्याबद्दल तिला बोलायचं नाही. एवढंच.

आम्हाला वाटलं, मधली एक फाइल कमी आहे. रूममेटने ज्याच्याकडून कॉपी केलं होतं त्याला रात्री साडेबाराला मेसेज केला. तो म्हणाला, 'अगं, ती भेट एंजलच्या मालिकेत असेल.' मग आम्ही 'एंजल' मिळवली आणि तिसऱ्या सीझनपर्यंत आलो. तिथे एंजलला कळतं की बफी जिवंत आहे, तो निघतो... आणि पुढच्या एपिसोडमध्ये परत आलेला! त्यालाही बोलायचं नाही. उलट कॉर्डिलिया आणि वेस्ली त्या दोघांच्या रडारडीची नक्कल करून दाखवतात. म्हणजे भेटीची नक्कल आहे, पण भेट नाही.

फाइल कमी नव्हती. ती भेट कधी शूटच झाली नव्हती. का? हे शोधायला गेले तर उत्तर ना भुताखेतांत सापडलं, ना शापात. ते सापडलं पैशाच्या हिशेबात.

आधी थोडं मागे जाऊ. 'बफी' सुरू झाली 10 मार्च 1997 रोजी, अमेरिकेतल्या द डब्ल्यूबी नावाच्या तेव्हा अगदी नव्या चॅनलवर. सनीडेल नावाचं काल्पनिक गाव, शाळेखाली नरकाचं तोंड, आणि व्हॅम्पायर मारण्याची जबाबदारी एका शाळकरी मुलीवर. तिचा एंजल हा स्वतः व्हॅम्पायर, पण शापामुळे त्याला आत्मा परत मिळालेला. शापाची अट अशी, की निर्भेळ सुखाचा एक क्षण आला की आत्मा गेला. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो गाव सोडतो आणि 5 ऑक्टोबर 1999 पासून लॉस एंजेलिसमध्ये त्याची स्वतःची मालिका सुरू होते. दोन्ही एकाच चॅनलवर, मंगळवारी रात्री, एकापाठोपाठ एक.

आपल्याकडे 'महासंगम' असतो ना? दोन मालिकांची कुटुंबं एकाच लग्नाला येतात आणि आठवडाभर टीआरपी वाढतो. तसलं हे नव्हतं. इथे एका मालिकेत पडलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरीत मिळायचं.

माझं आवडतं उदाहरण 14 नोव्हेंबर 2000 चं. त्या रात्री आधी 'बफी'मध्ये स्पाइक आपला भूतकाळ सांगतो. 1900 साल, चीनमधलं बॉक्सर बंड, सगळीकडे आग. स्पाइकने नुकतंच एका स्लेयरला मारलंय, तो माजात चालतोय, आणि बाजूला एंजल तोंड पाडून उभा. स्पाइकला वाटतं, हा जळतोय. बघणाऱ्यालाही तेच वाटतं. तासाभराने 'एंजल' सुरू होते आणि तोच प्रसंग डार्लाच्या बाजूने दिसतो. एंजलला दोन वर्षांपूर्वीच, 1898 मध्ये, आत्मा परत मिळालाय आणि तो स्पाइकपासून ते लपवतोय. त्याच्या चेहऱ्यावर होता तो मत्सर नव्हे, किळस होती. एकच प्रसंग, पण अर्थ पार उलटा. फक्त एक मालिका बघणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळली.

अशा लिखाणामुळे फॅन्सना एक सवय लागली. गोष्टीत भोक दिसलं, की उत्तर पलीकडच्या मालिकेत असणार असा विश्वास. 1997 मध्ये स्पाइक एंजलला आपला 'जनक' म्हणतो, म्हणजे ज्याने चावून व्हॅम्पायर केलं तो. पुढे दाखवलं की स्पाइकला ड्रुसिलाने चावलं होतं. चूक? फॅन्स म्हणाले, नाही. ड्रुसिलाला एंजलने बनवलं, म्हणजे तो आजोबा झाला, आणि घराण्यात आजोबांनाही बाप म्हणायची पद्धत असेल! आपल्याकडे पुराणातल्या वंशावळीवर वाद घालणारे काका असतात, अगदी तसंच. हा विश्वास 2001 पर्यंत टिकला.

आता पैशाचा हिशेब. दोन्ही मालिका बनवणारी कंपनी एकच, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स टेलिव्हिजन. डब्ल्यूबी 'बफी'च्या एका एपिसोडला साधारण दहा लाख डॉलर द्यायचं. पाच सीझननंतर फॉक्सने जवळजवळ दुप्पट मागितले. सौदा फिसकटला आणि यूपीएन या दुसऱ्या चॅनलने वीस लाखांच्या वर मोजून 'बफी' नेली. 'एंजल' मात्र डब्ल्यूबीवरच राहिली. 22 मे 2001 च्या रात्री 'बफी'चा शंभरावा एपिसोड लागला आणि त्यात बफी मेली. त्याच रात्री 'एंजल'च्या शेवटी विलो एलएच्या हॉटेलात येऊन बसते. ती काही बोलायच्या आत एंजलला कळतं. शेजारच्या घरातलं दुःख या घरात येऊन पोचलं, ते हे शेवटचं. मग मध्ये भिंत पडली. वाड्याची वाटणी झाली की एकच चौक दोघांचाही राहत नाही, तसं. चॅनल एकमेकांचे शत्रू. आपल्या मालिकेतून समोरच्याची जाहिरात कोण करणार?

ऑक्टोबर 2001 मध्ये बफी परत जिवंत झाली तेव्हा लेखकांपुढे पेच होता. तिच्या मरणाने हादरलेला माणूस ती परत आल्यावर भेटायलाही जाणार नाही? असं झालं तर पाच वर्षांचं प्रेम खोटं ठरतं. पण भेट दाखवायची कुठे? म्हणून त्यांनी मधली वाट काढली. 15 तारखेच्या सोमवारी 'एंजल'मध्ये निरोप आला, 16 तारखेच्या मंगळवारी 'बफी'मध्ये फोन वाजला, आणि दोघं सनीडेल आणि एलएच्या मध्ये कुठेतरी, कुठल्याच चॅनलच्या मालकीच्या नसलेल्या जागी भेटले. त्या 'बफी' एपिसोडच्या लेखकांपैकी एक होती जेन एस्पेन्सन. तिने 2002 मध्ये या भेटीवर एक कॉमिकही लिहिलं. त्यात बफीचे मित्र काय करतात माहितीये? बसून तर्क लढवतात, नेमकं काय झालं असेल! म्हणजे जे फॅन्स करत होते तेच.

इथपर्यंत मला हे सगळं गमतीचं वाटायचं. पण आणखी एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कळल्यावर मला गप्प व्हायला झालं.

कॉर्डिलिया. 'बफी'मधली नखरेल श्रीमंत मुलगी 'एंजल'मध्ये येऊन खरी नायिका झाली. आणि मग चौथ्या सीझनमध्ये ती अचानक क्रूर होते, ज्याला बाळ असताना खेळवलं त्या एंजलच्या मुलाच्या, कॉनरच्या, जवळ जाते, गरोदर राहते, एका देवीसारख्या शक्तीला जन्म देते आणि कोमात जाते. खुलासा असा, की तिच्या शरीरात दुसरंच कोणीतरी होतं. फॅन्स वर्षानुवर्षं जुने एपिसोड पुन्हा पुन्हा बघत राहिले. कॉर्डिलिया नेमकी कुठल्या सीनपासून कॉर्डिलिया नव्हती? मीसुद्धा वहीत यादी केली होती.

तेव्हा कॉर्डिलियाचं काम करणारी करिझ्मा कारपेंटर खरोखर गरोदर होती. मार्च 2003 मध्ये तिला मुलगा झाला. त्यानंतरच्या सीझनमध्ये ती नियमित कलाकार राहिली नाही. फेब्रुवारी 2004 मध्ये 'एंजल'च्या शंभराव्या एपिसोडपुरती ती आली आणि तिचं पात्र मेलं. फेब्रुवारी 2021 मध्ये तिने जाहीर निवेदन काढलं. निर्माता जॉस व्हीडनने गरोदरपणावरून आपला अपमान केला, मूल ठेवणार आहेस का असं विचारलं आणि बाळंतपणानंतर कामावरून काढलं, असा तिचा आरोप. बफी साकारणाऱ्या सारा मिशेल गेलरसह काही सहकलाकारांनी तिला पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी एका मुलाखतीत व्हीडनने आपण सभ्यपणे वागलो नाही हे मान्य केलं, काही आरोप मात्र नाकारले.

माझी ती वही आठवली. आम्ही सगळे पडद्यावर सुगावे शोधत होतो. कॅमेऱ्यामागे एक बाई नोकरी आणि बाळ यांच्यामध्ये उभी होती, आणि तिच्याकडे बघायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

म्हणून आता मालिकेत काही विचित्र घडलं, पात्र गायब झालं, चेहरा बदलला, कोणी अचानक 'परदेशी गेलं', की मी दोन प्रश्न विचारते. गोष्टीत याचं कारण काय? आणि ही गोष्ट ज्या ऑफिसात, ज्या सेटवर बनली, तिथे याचं कारण काय? पहिला प्रश्न सोडू नका, त्यातच मजा आहे. पण दुसरा विचारल्याशिवाय इतिहास कळत नाही.

भिंतीचं पुढे काय झालं? 2003 मध्ये ती थोडी खचली. विलो 'एंजल'मध्ये आली, फेथ तिच्याबरोबर सनीडेलला गेली, आणि 20 मे 2003 च्या शेवटच्या 'बफी'त एंजल दिसला. 2007 मध्ये दोन्ही गोष्टी कॉमिकमध्ये पुढे सुरू झाल्या, तर प्रकाशक दोन! पुन्हा वाटणी, पुन्हा भिंत.

ती भेट? ती अजूनही कोणी दाखवलेली नाही. रूममेटचं मत, ते दोघं तिथे काहीच बोलले नसणार, नुसते शेजारी बसले असणार. मला ते पटतं. तुम्हाला काय वाटतं, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू, आणि ती भेट आपण नक्की दाखवू!