सैनिक वाळवी

सैनिक वाळवी हा वाळवीच्या वसाहतीतील संरक्षणाचे काम करणारा सामाजिक गट होय. वाळवीला उधई असेही म्हणतात. वसाहतीत राजा, राणी, कामकरी, सैनिक आणि पंखधारी असे गट असतात. यांपैकी सैनिकाच्या डोक्याची व जबड्यांची रचना निरनिराळ्या जातींत निरनिराळी असल्याने वाळवीचे वर्गीकरण आणि जातिनिश्चिती मुख्यतः सैनिकांच्या आधारे केली जाते. सांगली जिल्ह्यातील पलूससारख्या ऊस पिकविणाऱ्या भागात ही ओळख शेतीच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

ओळखीचा आधार

वसाहतीत कामकऱ्यांची संख्या सर्वाधिक असते. परंतु बहुतेक जातींचे कामकरी फिकट, मऊ शरीराचे व एकमेकांसारखे दिसतात. पंखधारी वाळवी सहसा पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवसच बाहेर पडते. सैनिक मात्र वर्षभर आढळतात आणि वारूळ किंवा मातीचा पापुद्रा फोडताच लगेच बाहेर येतात. त्यांचे डोके कठीण व गडद असते. मोठ्या जबड्यांमुळे त्यांना स्वतः अन्न कुरतडता येत नाही; कामकरी त्यांना भरवतात.

अभ्यासक डोक्याचा आकार व लांबी-रुंदी, जबड्यांवरील दातांची संख्या व जागा, शृंगिकांतील खंडांची संख्या, वरच्या ओठाचा आकार आणि कपाळावरील ग्रंथीचे छिद्र ही लक्षणे तपासतात. एका सैनिकावरून निष्कर्ष न काढता एकाच वसाहतीतील अनेक सैनिकांची मोजमापे घेतली जातात.

प्रमुख प्रजाती व त्यांचे सैनिक

ओडोंटोटर्मिस : डोके अंडाकृती, डाव्या जबड्यावर एक ठळक दात असतो. दाताची जबड्यावरील जागा जातिनिश्चितीसाठी उपयुक्त ठरते. भारतात सर्वत्र आढळणारी ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वारूळ बांधणारी जाती रांबूर यांनी १८४२ मध्ये वर्णिली. तिचे सैनिक एकाच प्रकारचे असतात.

मॅक्रोटर्मिस : सैनिक मोठे व दोन आकारांचे असतात.

मायक्रोटर्मिस : सैनिक अतिशय लहान, जबडे नाजूक, ठळक दातांविना.

कॉप्टोटर्मिस : डोके समोरच्या बाजूस निमुळते, कपाळावरील मोठ्या छिद्रातून दुधासारखा पांढरा द्रव स्रवतो.

मायक्रोसेरोटर्मिस : डोके लांबट आयताकृती, जबड्यांची आतील कड करवतीसारखी दंतुर.

ट्रायनर्व्हिटर्मिस : डोके पुढे सोंडेसारखे निमुळते होते व सोंडेतून चिकट द्रव फेकला जातो. सैनिक दोन आकारांचे असतात. ही वाळवी गवत गोळा करते.

क्रिप्टोटर्मिस : डोके आखूड व पुढून तुटल्यासारखे, त्याने सैनिक लाकडातील बोगद्याचे तोंड बुचासारखे बंद करतो.

वर्गीकरण

पूर्वी वाळवीचा आयसॉप्टेरा हा स्वतंत्र गण मानला जाई. वाळवी ही झुरळांच्याच वंशातून उत्पन्न झाली असल्याचे स्पष्ट झाल्याने आता तिचा समावेश ब्लॅटोडिया गणात केला जातो. ओडोंटोटर्मिस, मॅक्रोटर्मिस व मायक्रोटर्मिस या प्रजाती टर्मिटिडी कुलातील मॅक्रोटर्मिटिनी उपकुलात येतात. त्या वारुळात टर्मिटोमायसिस या बुरशीची लागवड करतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी याच बुरशीची असते. भारतीय वाळवीच्या वर्गीकरणात मि. ला. रूनवाल आणि ओ. बी. छोटाणी यांचे कार्य पायाभूत मानले जाते.

पलूस परिसरातील महत्त्व

पलूस तालुक्यातून कृष्णा नदी वाहते आणि ऊस हे येथील प्रमुख पिकांपैकी एक आहे. ओडोंटोटर्मिस ओबेसस व मायक्रोटर्मिस ओबेसी या जाती उसाच्या किडी म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. वाळवी टिपरीच्या कापलेल्या टोकांतून आत शिरते, गर खाते व पोकळीत माती भरते. त्यामुळे उगवण घटते. उगवलेल्या कोंबाची बाहेरची पाने आधी वाळतात. खोडकिडीत मात्र मधला पोंगा प्रथम वाळतो.

नांगरलेल्या शेतात वारूळ टिकत नाही. घरटे जमिनीखाली राहते. अशा वेळी वारुळाच्या आकारावरून जाती ओळखता येत नाही आणि सैनिक हाच विश्वसनीय पुरावा उरतो. शिवाय शेतात दिसणारी प्रत्येक वाळवी पिकाची कीड नसते. पुष्कळ जाती पालापाचोळा, शेण व मृत लाकूड खाऊन ते मातीत मिसळण्यास मदत करतात. घराच्या लाकडातही जमिनीतून येणारी कॉप्टोटर्मिस आणि कोरड्या लाकडातच राहणारी क्रिप्टोटर्मिस यांचे उपाय वेगवेगळे असतात. ओळख चुकल्यास औषधाचा खर्च वाया जातो आणि नुकसान चालूच राहते.

नमुना गोळा करताना शक्य तितके सैनिक, सोबत काही कामकरी व मिळाल्यास पंखधारी ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. ठिकाण, दिनांक आणि वाळवी कशावर आढळली याची नोंद कुपीसोबत असणे आवश्यक असते.

मर्यादा

एकाच जातीतील सैनिकांच्या मापांत वसाहतीनुसार फरक पडतो. ओडोंटोटर्मिस ओबेसस आणि ओडोंटोटर्मिस रेडेमानी यांसारख्या निकटच्या जातींचे सैनिक फार सारखे दिसतात. अ‍ॅपिकोटर्मिटिनी उपकुलातील अनेक जातींत तर सैनिकच नसतात. तेथे कामकऱ्यांच्या आतड्याची रचना पाहावी लागते. त्यामुळे अलीकडे सैनिकांच्या लक्षणांना मायटोकॉन्ड्रियातील डीएनएच्या तपासणीची जोड दिली जाते. तरीही शेतात किंवा घरात प्राथमिक ओळखीसाठी भिंग आणि सैनिकाचे डोके हीच सर्वांत सुलभ साधने आहेत.